जिथली माती तिथं

आमचा संतोष भारी हट्टी. हे मी त्याच्या तोंडावर म्हणते, तेव्हा इथं लिहायला कसली भीती? मी त्याची थोरली बहीण. त्याला नावं ठेवायचा पहिला हक्क माझा, आणि दुसऱ्या कुणी ठेवली तर त्याची चामडी लोळवायचा हक्कही माझाच.

आम्ही अंबरनाथला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. वडील फिटर होते. क्वार्टर्सच्या मागं नाल्याचं खोदकाम निघालं तेव्हा या बाबाला मातीची एक तुटकी तोटी सापडली. कुठल्यातरी जुन्या भांड्याची असेल. त्यानं ती धुतली, पुसली आणि उशाखाली घेऊन झोपला. आईनं ती उकिरड्यावर टाकली, यानं परत आणली. आईनं पुन्हा टाकली, यानं पुन्हा आणली. शेवटी आईच थकली. माझ्या मते संतोषनं आयुष्याचा निर्णय तेव्हाच घेऊन टाकला होता. पुढचं सगळं नुसतं वाढीव बांधकाम.

दहावीनंतर त्यानं शाळेला आणि शाळेनं त्याला रामराम केला. उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, एका सिंधी शेटच्या लॅबमध्ये तो लागला. लॅब म्हटलं की लोकांना रक्त-लघवी आठवते. ही दातांची लॅब. डॉक्टर मापं पाठवतात, इथं कवळ्या तयार होतात. शेट म्हातारे झाले, मुलं परदेशी गेली, आणि लॅब संतोषकडे आली. आज अर्ध्या उल्हासनगरच्या तोंडात माझ्या भावानं केलेले दात आहेत. लग्नात लोक हसतात ते त्याच्या जिवावर, असं मी कुणालाही ठणकावून सांगते.

आठवडाभर कवळ्यांच्या साच्यांच्या प्लॅस्टरमध्ये हात, आणि सुट्टी आली की मातीत. वीटभट्टीसाठी कुठं माती उकरली, बिल्डरनं कुठं पाया खणला, कुणाची विहीर उपसली, की हा हजर. उल्हासनगरच्या भंगारवाल्यांना तो तोंडपाठ होता. ते पितळ बाजूला काढायचे आणि मातीचं काही आलं तर याच्यासाठी राखून ठेवायचे. वर्षं गेली तशी बदलापुरात, मांजर्लीच्या त्याच्या घरात, काचेची कपाटं भरत गेली. मातीचे बैल, घोडे, सोंड नसलेला हत्ती, खेळण्यातल्या गाड्यांची चाकं, मोठाली कर्णफुलं घातलेल्या बायकांची इवलीशी डोकी. एक खुळखुळा होता, त्यातले खडे अजून वाजायचे. कधीच्या काळच्या पोराला रिझवलेला खुळखुळा! मला या मातीचं काडीचं कौतुक नव्हतं, पण तो खुळखुळा मीही वाजवून बघितला आहे.

संतोष प्रत्येक वस्तूबद्दल छातीठोक बोलायचा. "हा सातवाहनांच्या काळातला. ही त्याच्याही आधीची." कधीकधी साफ चुकायचा. कल्याणच्या एका कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या जिज्ञासा मॅडम त्याच्याकडे यायच्या, फोटो काढायच्या, मापं घ्यायच्या. त्यांनी एकदा त्याचा 'प्राचीन दिवा' हातात घेऊन हुंगला आणि म्हणाल्या, "संतोषराव, ही चिलीम आहे. आपल्या आजोबांच्या वेळची." दुसरा असता तर वरमला असता. हा म्हणाला, "मग आजोबांच्या रांगेत लावू," आणि खरोखर खालच्या फळीवर नेऊन ठेवली.

आणि सगळ्यांच्या वर, वेगळ्या खणात, ती बाई. एका उन्हाळ्यात नदीचं पाणी खूप खाली गेलं होतं, तेव्हा मांजर्लीच्याच काठाला वाळूत त्याला ती मिळाली. वीतभर उंच, कमरेला मण्यांची मेखला, कडेवर मूल. मानेपासून वर काही नाही. मॅडमनी ती चारी बाजूंनी फिरवून बघितली, मग म्हणाल्या की या भागात असं काही मिळालेलं मी तरी पाहिलेलं नाही. संतोषनं तिच्यासाठी कवळीच्या गुलाबी मसाल्याचा पाट केला होता. हिरडीच्या रंगाच्या पाटावर हजारो वर्षांची बाई! मी हसले, तर माझ्याशी आठवडाभर बोलला नाही.

माझी भावजय निशा वांगणीकडची, शेतकऱ्याची मुलगी. कामाला वाघीण, बोलायला मोजकी. भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये, पाण्यात सोडावी, हे ती माहेरून शिकून आली होती, आणि नवऱ्यानं तर भंगलेल्यांचाच बाजार मांडलेला. तिनं कधी भांडण काढलं नाही. कपाटांच्या काचा बाहेरून लख्ख पुसायची. आतल्या एकाही वस्तूला तिनं इतक्या वर्षांत बोट लावलं नव्हतं. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेल्यावर घरात ही दोघं आणि ती माती.

मांजर्लीत राहायचं तर उल्हास नदीशी मिळतंजुळतं घ्यावं लागतं. एका पावसाळ्यात नदी पार्किंगमध्ये आली, तिथून जिन्यात, तिथून घरात. संतोषचं घर तळमजल्यावर. निशा फ्रीज, टीव्ही सगळं सोडून कागदपत्रं आणि नवऱ्याचा हात धरून दुसऱ्या मजल्यावर गेली. वर पोचली तर हातात कागदपत्रं तेवढी. नवरा परत खाली. छातीभर पाण्यात उभं राहून तो खोकी वर देत होता, आणि जिन्यावरची पोरं, "अंकल, क्या है इसमें, सोना?" म्हणत ती वर चढवत होती. "सोन्याला कोण विचारतो," म्हणाला. सगळी खोकी वर गेली. एक चाकसुद्धा फुटलं नाही. पायाला पत्र्यानं कापलंय, हे त्याला पाणी उतरल्यावर कळलं.

पूर ओसरला आणि ताप चढला. डॉक्टर म्हणाले लेप्टो. पुराच्या घाण पाण्यातून येतो तो. डोळे पिवळे झाले, किडन्या रुसल्या, आणि माझा बडबड्या भाऊ हॉस्पिटलात नळ्या लावून गप्प पडला. मी देवाधर्माची माणूस नाही, पण त्या दिवसांत रस्त्यात दिसेल त्या देवळाला हात जोडले. निशा मात्र रडत नव्हती. बाकावर ताठ बसून असायची. मला वाटलं, हिला धक्का बसलाय.

संतोष वाचला. काठीसारखा बारीक होऊन, पण स्वतःच्या पायांनी चालत घरी आला. मी अंबरनाथहून पेज घेऊन गेले होते. चार घास पोटात गेल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला, "खोकी कुठायत?"

निशानं वाटी खाली ठेवली. "वरच्यांच्या गॅलरीत. पण ती आता आपली नाहीत. मी गावदेवीला बोललेय. तुम्ही चालत घरी आलात तर ही सगळी माती जिथली तिथं परत करीन. एकसुद्धा ठेवणार नाही."

माझा पारा चढला. आजारी माणूस समोर आहे, हेही विसरले. "नवस बोलायचा तर स्वतःच्या वस्तूचा बोलावा, निशा! हे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! जन्मभर गोळा केलं त्यानं, आणि दान तू करणार?"

"माझं काय देऊ, वन्सं?" ती शांतपणे म्हणाली. "बांगड्या? मंगळसूत्र? ते मी हसत काढून दिलं असतं. हसत दिलेलं देवीला काय करायचंय? जाताना रडू येईल असं या घरात एवढंच होतं."

"पण रडणार कोण? तो!"

"रडायला आधी जगावं लागतं, वन्सं."

मी पेजेचा डबा उगाच उघडला आणि पुन्हा बंद केला.

संतोष छताकडे बघत पडला होता. मग म्हणाला, "शब्द काय होते तुझे? नीट सांग."

"जिथली तिथं परत करीन."

"नदीत बुडवीन, असं नाही म्हणालीस?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. "मला जरा धड उभं राहू दे. मग निघू. पत्ते पुष्कळ आहेत."

मला वाटलं, यानं पळवाट शोधली. निशा आत गेल्यावर मी त्याला विचारलंदेखील. सोसायटीत येणारे गुरुजी म्हणाले होते की एक छोटी वस्तू पाण्यात सोडा, दक्षिणा ठेवा, नवस फिटला. मी म्हटलं, "तसं कर ना. देवाबिवावर तुझा विश्वास तरी आहे का?" तर म्हणतो कसा, "ताई, देवीची आणि माझी ओळख नाही. निशाची आहे. आणि नवस अर्धा फिटत नसतो, जशी अर्धी कवळी बसत नाही." बोलला आणि कामाला लागला. जन्मभर ज्या हट्टानं गोळा केलं, त्याच हट्टानं परत करायला निघाला. शेपूट वाकडं ते वाकडंच!

दिवाळीनंतर अंगात बळ आलं, तशी फेरी सुरू झाली. मी बरोबर जायचे. कारण सांगायचे की त्याला धरायला कुणीतरी हवं. खरं कारण, मला बघायचं होतं हा कुठल्या दारात कोसळतो.

पहिलं दार तलरेजांच्या दादीचं, उल्हासनगरला. फार वर्षांपूर्वी ही दादी 'कटकट वाजते' म्हणून कवळी हातात घेऊन थेट लॅबवर भांडायला आली होती. संतोषनं समोर बसवून ती घासून दिली. दादीनं तिथंच चणे खाऊन बघितले आणि खूश होऊन दुसऱ्या दिवशी त्याला एक मातीचा बैल आणून दिला. फाळणीत लाडकाण्याजवळच्या गावातून निघाली तेव्हा ती लहान पोर होती, आणि कराचीहून मुंबईला आलेल्या आगबोटीत हा बैल तिच्या मुठीत होता. संतोषच्या मते तो मोहेंजोदारोच्या काळातला. असेलही. हा माणूस नेहमीच चुकतो असं नाही.

दादी आता पलंगाला टेकून बसलेली असते. सगळं ऐकून ती बोळक्यानं हसली. कवळी डबीत होती. "जहां का वहां? अरे पुट, इसका गांव तो उधर रह गया. पासपोर्ट बनवाएगा इसका?"

निशा पुढं झाली. "दादी, आपके हाथ से आया, आपके हाथ में. मेरे को उतना चलेगा."

दादीनं बैल घेतला आणि सरळ खाली बसलेल्या तिच्या पणतीला, रुचिकाला दिला. त्या पोरीनं तो फरशीवर घासत, तोंडानं रिक्षासारखा आवाज काढत थेट भिंतीपर्यंत नेला. टण्णकन आपटला. संतोष अर्धा उठला. मी त्याचा चेहरा पाहिला. हॉस्पिटलातसुद्धा तो इतका पांढरा पडला नव्हता.

"बैठ जा," दादी म्हणाली. "मैंने भी ऐसे ही चलाया. टूटा क्या? खिलौना है, खेलेगा नहीं तो क्या करेगा?"

संतोष बसला. पोरीनं बैल परत वळवला. थोड्या वेळानं बघते तर माझा भाऊ फरशीवर मांडी घालून तिला दाखवत होता की पायांना ही भोकं आहेत ना, यात काडी घालायची, मग चाकं बसतात. रस्त्यात म्हणाला, "ताई, कपाटात तो कधी चालला नव्हता गं."

दुसरं दार बारवी धरणाकडच्या एका वाडीतलं, गोजरबाईचं. तिचा नवरा रघू भाताची खाचरं नीट करत असताना त्याला एक मातीचा घोडा सापडला होता. संतोषनं तो गोजरबाईकडून मागून घेतला होता. रिक्षा सोडून आम्ही बांधाबांधानं चालत गेलो. निशा पुढं, कारण तिलाच बांधावरून चालायची सवय. गोजरबाई अंगणात भात पाखडत होती. संतोषला बघून तिनं सूप खाली ठेवलं नाही की कोण, कुठला विचारलं नाही.

"आलास का?" म्हणाली. "दाखवून झाला घोडा?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो.

"तूच तं म्हंगालास, शिकलेल्यांना दाखवतो म्हणून न्हेतो. म्या घरधन्याला सांगितला, घोडा मुंबईला गेलाय, यील. दर पेरणीला इचारायचा तो. म्या म्हणायची, यील."

म्हणजे बघा. याच्या हिशेबी ती भेट होती. तिच्या हिशेबी उसनवारी. आणि इतक्या वर्षांत तिनं ना निरोप धाडला, ना कुरकुर केली. संतोषनं खोका उघडला. तिनं घोडा हातात घेतला, बोटानं पाठ पुसली आणि वाडीबाहेर गावदेवीच्या शेंदरी दगडापाशी, इतर मातीच्या घोड्यांच्या रांगेत नेऊन ठेवला. रांगेत मधेच एक जागा मोकळी होती. मग आम्हाला बिनदुधाचा चहा मिळाला, आणि पुढच्या पेरणीला यायचं आमंत्रणही.

परत येताना संतोष पोट धरून हसत होता. "दुसऱ्याचा घोडा एवढी वर्षं बांधून ठेवला मी, ताई. आणि सगळ्यांना ऐटीत सांगायचो, माझा म्हणून." निशाही हसली. पुरानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मला बरं वाटलं. तिच्यावर राग धरून मीही कंटाळले होते.

असं होत होत दारं संपली. भंगारातून आलेल्या वस्तूंचा मूळ धनी कोण, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. निशा म्हणाली, ज्यांना घर नाही त्यांना शाळेत घाला. त्या सगळ्या वस्तू जिज्ञासा मॅडमच्या कॉलेजला गेल्या. मॅडम स्वतः गाडी घेऊन आल्या. चिलीमसुद्धा नेली. खुळखुळा गाडीत चढला तेव्हा मीच तो शेवटचा वाजवला.

राहिली ती नदीतली बाई.

मॅडमनी हात जोडले. "ही मला द्या. काचेत ठेवीन. मुलं बघतील, लांबून लोक येतील. संतोषराव, नदीत परत टाकायची वस्तू आहे का ही?" मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आजही पटतं. मी निशाला बाजूला घेऊन म्हटलं, "एवढं एक सोड. देवी काय मोजत बसलीय?" निशाचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "हे म्हणतील तसं. मी आता काही म्हणणार नाही." आणि ती खरंच काही म्हणाली नाही. निर्णय एकट्या संतोषवर आला.

त्यानं बाईला पाटावरून उचललं. बराच वेळ हातात फिरवलं. मॅडम उभ्या, मी उभी. मग तो म्हणाला, "मॅडम, फोटो आहेत तुमच्याकडे, मापं आहेत. बाकीच्यांची गावं मला शोधावी लागली. हिचं गाव मला माहीत आहे. माहीत असून नाही नेलं, तर निशाला सारखं वाटत राहील की माझ्या जिवात काहीतरी उसनं आहे. दर तापाला ती दचकेल. ते मला बघवायचं नाही." मॅडमनी डोळे पुसले आणि गाडीत बसल्या. त्या आमच्यावर रागावल्या आहेत, आणि मी त्यांना दोष देत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं काठाला उतरलो. पाणी खाली गेलं होतं, निवळ होतं. मांजर्लीची मागची गल्ली संपते, तिथून पुढं झाडी, मग वाळू. पुरात हीच नदी घरात शिरली होती यावर विश्वास बसू नये, इतकी शहाण्यासारखी वाहत होती. संतोषला जागा बरोबर माहीत होती. दोन खडकांच्या मधली. पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून तो पाण्यात उतरला, वाकला, आणि तसाच राहिला. हात पाण्याजवळ जाईनात. आयुष्यात कधी 'मला जमत नाही' न म्हणालेला माणूस मान वळवून म्हणाला, "निशा, मला जमत नाही. नवस तुझा आहे. तू सोड."

निशा साडी खोचून पाण्यात गेली. तिनं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली, आणि त्यानं ती बाई तिच्या ओंजळीत ठेवली. संसार झाला, मुलीचं लग्न झालं, आणि आत्ता ही पहिल्यांदा तिच्या हाताला लागत होती. निशानं तिला उन्हात धरलं. कमरेचे मणी बघितले. मग कडेवरच्या मुलावरून अंगठा फिरवला.

"पोराला किती घट्ट धरलंय हो हिनं," ती म्हणाली. मग मानेपाशी थांबली. "हिचं डोकं?"

"नाही मिळालं," संतोष म्हणाला. "किती उन्हाळे शोधलं. इथंच असणार, वाळूत कुठंतरी."

निशा खाली बसली, साडीसकट पाण्यात. तिनं बाईला टाकलं नाही. पाण्याखाली हात नेऊन, वाळू थोडी बाजूला सारून, मूल वर राहील असं तिला नीट निजवलं. आणि लेकीला सासरी धाडताना बोलावं त्या आवाजात म्हणाली, "जा बाई. तुझं डोकं इथंच आहे म्हणतात हे. आता निवांत शोध."

माझा भाऊ खडकावर बसला आणि हमसून हमसून रडायला लागला, पार खांदे गदगदेपर्यंत. मी उठले होते, पण निशानं मला हातानं थांबवलं. ओल्या साडीनं ती त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि तिनं त्याला रडू दिलं.